ओळखीची पिशवी

परबसाहेबांची आणि माझी पहिली भेट इथे आखातात, अस्करच्या आमच्या कारखान्यात झाली, आणि ती काही गोड नव्हती. पुण्याहून येऊन मी खरेदी विभागात रुजू झालो होतो. मला माझं टेबल बघायचं होतं, एसीखाली बसायचं होतं. सुरक्षा अधिकारी श्री. दत्ताराम परब यांनी मला टेबलापर्यंत जाऊच दिलं नाही. जिना, मागचं दार, फाटक असं फिरवत त्यांनी मला भर उन्हात कुंपणापलीकडे नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "आधी बाहेर पडायचा रस्ता बघा. टेबल कुठे पळून जात नाही." माणूस विक्षिप्त आहे, असं मी तिथेच ठरवून टाकलं. बहुतेकांचं तेच मत होतं, हे पुढे कळलं.

साहेब आता साठ वर्षांचे होत आहेत. कंपनीने त्यांचा व्हिसा वाढवलेला नाही, त्यामुळे ते कायमचे कुडाळला परत जात आहेत. इथल्या मराठी मंडळाने त्यांच्यासाठी गौरवग्रंथ काढला आहे आणि मला चार चांगले शब्द लिहायला सांगितले आहेत. चांगले शब्द माझ्याजवळ पुष्कळ आहेत. पण ते लिहिताना मन खिन्न आहे, आणि ते लपवायची माझी इच्छा नाही.

बॉम्बच्या धमकीचा फोन आला तर काय करायचं, याची आमच्या कारखान्यातली सगळी आखणी साहेबांनी केली. फोन आपटायचा नाही, समोरच्याला बोलतं ठेवायचं, हे त्यांनी ऑपरेटर लिसीकडून घोटून घेतलं. आपल्या जागेत परकं काय आहे ते तिथे रोज काम करणाऱ्यालाच कळतं, म्हणून बाहेर पडताना प्रत्येकाने आपापल्या जागेवर नजर टाकायची, हात मात्र कशालाच लावायचा नाही, हेही त्यांचंच. सराव म्हणजे आम्हाला चहाची सुट्टी वाटे. बाहेर जमायच्या जागी उन्हात माणसं थांबत नाहीत हे पाहून ते शेडसाठी मॅनेजरांशी भांडले. मॅनेजरांनी विचारलं, "कधी येणार हा तुमचा बॉम्ब?" साहेब म्हणाले, "इंशाल्ला, कधीच नाही. पण ऊन रोज येतं." शेड झाली, पाण्याची टाकीही आली. सराव नसला तरी मजूर आजही तिथेच डबा खातात, आणि ती कोणामुळे झाली हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊक नाही.

एका गोष्टीत मात्र साहेब कायम हरले. टाइमकीपरच्या केबिनबाहेर एक कोपरा आहे. गावाला जाणाऱ्याबरोबर काही पाठवायचं असेल की आपली माणसं तिथे पिशवी ठेवून जातात. जाणारा ड्यूटी संपली की ती उचलतो आणि थेट मुहर्रकला विमानतळावर जातो. "पिशवी हातातून हातात द्या, बेवारस ठेवू नका," असं साहेब दरवर्षी सांगत. आम्ही दात काढत असू. साहेबांना लाडवातही बॉम्ब दिसतो, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

मग एका सकाळी फोन खरोखरच आला. लिसीने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं आणि धावत येऊन म्हणाली, "साब, वो हँस रहा था." मॅनेजर म्हणाले, कोणीतरी मस्करी करतंय. साहेब म्हणाले, "हसणाराही खरं बोलू शकतो," आणि कारखाना रिकामा केला. सगळे शेडखाली जमले, एकही माणूस आत राहिला नाही. कोपऱ्यात एक काळी पिशवी आहे, असं टाइमकीपरने सांगितलं. पोलीस आले.

तेव्हा आमचा वेल्डर शंकर पुढे आला. त्याचा धाकटा भाऊ रमेश इथेच कॅम्पमधल्या खोलीत झोपेत गेला होता. त्याचा देह घरी पाठवून फार दिवस झाले नव्हते. मागे राहिलेला चष्मा, दोन शर्ट आणि सगळे फोटो असलेला मोबाइल गुहागरला भावजयीकडे पाठवायचा म्हणून शंकरने आदल्या संध्याकाळी पिशवीत घालून तिथे ठेवला होता. तो साहेबांचे पाय धरायला लागला. "सायेब, माज्या भावाची पिशवी हाय ती. मी जाऊन उघडून दावतो. तुमी निस्तं सांगा पोलिसांना, वळखीची हाय म्हणून."

साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. "पिशवी ओळखीची आसा रे. पण रातभर ती कोणाकडे होती, ता माका ठाऊक नाय." पोलिसांनाही त्यांनी हेच, इतकंच सांगितलं.

पोलिसांनी पिशवी जागेवरच उडवली. आवाज फटाक्याएवढा झाला. शंकर वाळूत बसला, तो बराच वेळ उठला नाही.

फोन खोटा निघाला. आखणी यशस्वी झाली, असं वरून कळवण्यात आलं. शंकर त्या दिवसापासून साहेबांशी एक शब्द बोललेला नाही. मंडळात कुजबूज झाली की एक शब्द टाकायला यांचं काय जात होतं. गणपतीत साहेब आले की माणसं प्रसाद हातावर ठेवून बाजूला सरकत. मी एकदा विचारलं, पुन्हा वेळ आली तर? ते म्हणाले, "तेच करीन." मग म्हणाले, "पण झोप लागत नाही हो." पुढच्या रजेत ते गुहागरला जाऊन आले. रमेशच्या बायकोने पाणी दिलं. मुलीने विचारलं, बाबांचा चष्मा आणलात का? एवढंच त्यांनी मला सांगितलं.

आणि आम्ही काय शिकलो? काही नाही. महिन्याभरात त्या कोपऱ्यात पुन्हा पिशव्या आल्या, आजही आहेत. साहेबांची खुर्ची रिकामी होईल, आखणी कपाटात जाईल. मला याचा संताप येतो आणि संतापाचा उपयोग नाही हेही कळतं. कळस म्हणजे, गणपतीत बाजूला सरकणारीच माणसं आता मला फोन करून विचारतात, परबसाहेब कोकणात जातायत ना, एक छोटी पिशवी नेतील का?

हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "शंकरला विचारा. त्याला काही द्यायचं असेल तर माझ्या हातात दे म्हणावं. मी गुहागरला स्वतः पोचवीन."

मी शेडखाली जाऊन शंकरला निरोप दिला. तो जेवत होता. त्याने वर पाहिलं नाही. "त्यांना सांगा, पाठवाया आता काय ऱ्हायलंय?"

साहेब, हे तुम्हाला सांगायचं माझं धाडस झालं नव्हतं, ते इथे लिहिलं आहे. षष्ट्यब्दीला शंभर वर्षांचं आयुष्य चिंतायची रीत आहे. माझं मागणं त्याहून साधं आहे. तुम्हाला झोप लागो, प्रकृती उत्तम राहो. आणि कधीतरी शंकरकडे पुन्हा घरी पाठवण्यासारखं काही येईल, तेव्हा ते त्याच्या हातून घ्यायला तुम्ही असा. त्यासाठी लागेल तेवढं आयुष्य तुम्हाला लाभो.