तिघांत एक घर

इन्कम टॅक्स नसलेल्या देशात अठरा वर्षं काढल्यामुळे आमच्या घरात टॅक्समधलं सगळ्यात जास्त मला कळतं.

पुण्याचा फ्लॅट आम्ही तिघांनी मिळून घेतला होता: मी, माझी थोरली बहीण सुमाताई आणि माझ्या बायकोचा भाऊ शिरीष. तो विकला, नफा झाला, आणि मी आमच्या दुबईच्या हॉलमध्ये उभा राहून (उभं राहायची काहीच गरज नव्हती!) जाहीर केलं, "दोन वर्षांच्या आत भारतात दुसरं घर घ्यायचं, म्हणजे नफ्यावरचा टॅक्स वाचतो. पण एकत्र विकलं, तर एकत्रच घ्यायचं. तिघांत एक घर. कायदाच आहे तसा!"

"नक्की ना?" माझी बायको मेधा म्हणाली.

"तू पोळ्यांचं बघ," मी म्हणालो. (हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.)

आता ताई शारजात शाळेत शिकवून थकलेली. व्हिसा संपला की तिला सांगलीत, मैत्रिणीच्या शेजारी, तळमजल्यावर राहायचं होतं. गुडघे! शिरीषचं शारजा औद्योगिक क्षेत्रात गॅरेज. त्याला नाशिकला जुन्या स्कूटरी ठेवायला शेड हवी. आणि मला पुण्यात बाविसाव्या मजल्यावरून टेकडी बघायची होती.

दर शनिवारी आम्ही शारजात, रोल्ला भागात ताईकडे जमायचो आणि व्हिडिओ कॉलवर घरं बघायचो.

"जिना आहे," ताई म्हणायची.

"शेड नाहीये, यार," शिरीष म्हणायचा.

"बाबा, जस्ट गिव्ह अप," आमची ईशा म्हणायची.

असं करता करता बावीस महिने गेले! मग मी नकाशावर पट्टी ठेवून मध्य काढला आणि दौंडजवळ एक रो-हाउस शोधलं. तिथे आमचं कुणीच नव्हतं, जिना होता, शेड नव्हती आणि टेकडीही नव्हती. म्हणजे अन्याय सगळ्यांवर सारखा!

"टोकन वीस हजार दिरहम. म्हणजे आपले पावणेपाच लाख," मी म्हणालो. "यल्ला, आजच पाठवू!"

शिरीष ओरडला, "दाजी, दौंडला मी काय करू? रेल्वेगाड्या मोजू?"

ताई मात्र पदराने डोळे टिपत म्हणाली, "तुम्हा दोघांचा टॅक्स वाचत असेल, तर राहीन हो मी दौंडला. चढेन जिना सावकाश."

तरी माझं बोट मोबाइलवरच!

मेधाने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि सरळ आमच्या पुण्याच्या सीएंना फोन लावला. स्पीकरवर.

"काका, तिघांनी आपापल्या हिश्श्याची तीन वेगळी घरं घेतली तर?"

"चालेल की! हिस्सा ज्याचा त्याचा, घर ज्याचं त्याचं. भारतात असलं आणि मुदतीत झालं म्हणजे झालं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"अहो, साहेबांनी विचारलंच नाही. फोन केला की साहेबच मला कायदा समजावून सांगायचे!"

शिरीष सोफ्यावरून खाली बसला आणि हसत सुटला. ताईने मेधाला जवळ घेऊन तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. काय बाई आहे ही! मला बावीस महिने लागले, तिला एक प्रश्न लागला. तेव्हाच नाही, आजही मी तिच्याकडे बघतच राहतो.

उरलेले दोन महिने मेधाने हाती घेतले. पहिलं काम ताईचं. सांगली, तळमजला, मैत्रिणीच्या भिंतीला भिंत. शिरीषला शेड मिळाली. माझं घरही तिनेच ठरवलं. ती सांगेल तिथे मी सही केली.

ताईच्या वास्तुशांतीला सांगलीत पंगत बसली होती. ताईने मला हाताला धरून पुढे आणलं आणि शेजारणींना कौतुकाने सांगितलं, "हा माझा धाकटा भाऊ. ह्याचं ऐकलं नाही, म्हणून हे घर झालं!"