सरोजताईंचं एकच गाणं

नवी बाई आली की सरोजताई तिला आधी हाक मारायला लावायच्या.

"गाणं ऱ्हाऊ दे बाजूला. तुझं लेकरू गल्लीच्या टोकाला खेळून राहिलंय असं समज. मार हाक जेवायला."

बाई लाजायची, पदर तोंडाशी न्यायची, आणि मग अशी खणखणीत हाक मारायची की बाहेर निजलेलं कुत्रं उठून बसायचं. ताई डोळे मिटून ऐकत. तेवढ्यावर त्यांना तिची पट्टी कळायची आणि पुढच्या शनिवारी तिच्या नावाचा ट्रॅक पेन ड्राइव्हमध्ये तयार असायचा.

नांदेडला आमच्या वसाहतीतल्या विहाराच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी ताईंचं कराओके चालायचं. मागे नुसतं संगीत, समोर पडद्यावर शब्द, हातात माइक. येणाऱ्या बहुतेकींनी आयुष्यात पाळण्यापुढे कुठे तोंड उघडलेलं नव्हतं. ताई मूळच्या लोह्याकडच्या. सगळी नोकरी खेड्यापाड्यांत नर्स म्हणून झालेली, त्यामुळे घाबरलेल्या बाईशी कसं बोलावं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. "अंतऱ्यात चढ असलेलं गाणं नवीन बाईला देऊ न्हाई," त्या सांगत. "ओळीओळीला दम घ्यायला जागा पाहिजे. घागर घेऊन चढ चढताना बाई मधी टेकती का न्हाई? तसं." दुसरा नियम माइकचा होता. "नवीन बाईचा माइक जरा वरच ठेवायचा. सोताचा आवाज कानावर आला की धीर येतो."

हा नियम त्या मला सांगत, कारण माइकचे आवाज कमीजास्त करायचा मिक्सर माझ्या ताब्यात होता. मी बँकेतून निवृत्त झालेली, लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेली. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला त्या हॉलमधली एकमेव गायिका समजत होते. पहिल्या दिवशी ताईंनी मलाही हाक मारायला सांगितली, तेव्हा मी म्हणाले, "मी परीक्षा दिलेल्या आहेत." ताई म्हणाल्या, "बरं बाई. मग तुला अवघडच गाणी देते." आणि खरंच दिली. ती मी सहज म्हणायचे, आणि बाकीच्या तोंडात बोट घालायच्या.

ताई स्वतः कधी गात नसत. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज घोगरा झाला होता. पण लातूरच्या एका महिला मंडळाने आम्हाला कार्यक्रमाला बोलावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक गाणं मी बी म्हणीन म्हणते. देगलूरला नात हाय माझी. तिला रेकॉर्डिंग धाडायचंय." एक जुनी अंगाई त्यांनी निवडली. चढ नसलेली, दम घ्यायला भरपूर जागा असलेली. दोन महिने रोज स्वयंपाकघराचं दार लावून त्यांचा सराव चालला होता.

लातूरला माझं गाणं झालं, टाळ्या झाल्या. मग ताई उभ्या राहिल्या. पहिली ओळ घोगरीच आली, सुरात होती, पण घोगरी. पुढच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीने रुमाल ओठांवर धरला. आता या लातूरकरणी आपल्याला हसणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. माझा हात मिक्सरवर गेला. ताईंचा माइक मी पार खाली आणला आणि ट्रॅकमधली बासरी वाढवली.

ताईंनी एकदा माइककडे पाहिलं. तो तोंडाजवळ ओढला. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपमध्ये मान घातली. त्यांनी गाणं शेवटपर्यंत म्हटलं, आणि ते कोणालाही ऐकू आलं नाही.

परतताना गाडीत त्यांनी हळूच विचारलं, "सुनंदा, माइकचे सेल गेलते का गं?"

"हो ताई, सेलच गेले असतील," मी म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"तरी म्हणलं," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंगमधी तरी आलंय का?"

मी बघते म्हणाले. रेकॉर्डिंग मिक्सरवरूनच घेतलेलं, त्यात काय येणार? घरी ऐकलं तर संगीत होतं, बासरी होती, ताई नव्हत्या. रेकॉर्डिंग झालंच नाही, असं मी त्यांना सांगितलं.

पुढच्या शनिवारी ताई सेलचं नवं पाकीट घेऊन आल्या. दोन्ही माइक उघडून त्यांनी आपल्या हाताने सेल बदलले. "बायांचं गाणं मधी तुटू न्हाई," म्हणाल्या. जुने सेल मी केरात टाकणार होते, तर त्यांनी मागून घेऊन पर्समध्ये ठेवले. मी तिथे उभी होते. तोंड उघडायला एवढी चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती, आणि मी वायर गुंडाळत बसले.

काही महिन्यांनी ताई देगलूरला मुलाकडे राहायला गेल्या. पेन ड्राइव्ह माझ्या हाती देऊन गेल्या. तो एकदा घरी विसरले म्हणून मी माझं ठेवणीतलं गाणं मोबाइलवरून नव्याने उतरवून घेतलं आणि माइक हातात घेतला. अंतऱ्यात माझा आवाज असा फाटला की बायका घाबरल्या. गळा बसलाय म्हटलं. घरी जाऊन पेन ड्राइव्ह लावला तेव्हा कळलं. माझ्या नावाचे सगळे ट्रॅक ताईंनी दोन-दोन पट्ट्या खाली आणून ठेवले होते.

मी फोन केला. त्या हसल्या. "मग काय करू? सोपं म्हणून दिलं असतं तर तू घेतलं असतंस का? तू हाक मारली न्हाईस, पर जाताना रिक्षावाल्याला मारलीस की. वर आवाज चिरत व्हता. तुला बी भ्याच वाटत व्हतं बाई, तू दाखवीत नव्हतीस एवढंच."

ताई बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "आनखी काही सांगायचं व्हतं का?"

"नाही ताई. तब्येतीला जपा."

"हाव," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दोन महिन्यांत त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला मी देगलूरला गेले. त्यांची नात आठवीतली. मला पाणी देऊन समोर बसली. "आजी लातूरला गायली होती ना? मला रोज फोनवर म्हणून दाखवायची ते गाणं. पण तिथं माइकचे सेल संपले म्हणे."

मी मान हलवली.

"मला काही पटत नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे बोट केलं. "त्यातलाच एक सेल आजीनं नांदेडला असतानाच ह्या घड्याळात घातला होता. इकडं येताना घड्याळ तसंच आणलं. ते अजून चालू आहे."

मी घड्याळाकडे पाहिलं. वेळ बरोबर होती.

म्हणजे जुना सेल घड्याळात घातला तेव्हाच, नांदेडलाच, ताईंना कळलं होतं. त्यानंतरही माझ्या नावाचा ट्रॅक दर शनिवारी दोन पट्ट्या खाली येत राहिला होता. आणि फोनवर त्या थांबल्या होत्या त्या माझ्यासाठी. मी सांगेन म्हणून. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"सेल चांगलेच होते, बाळ," मी म्हणाले. "माइकचा आवाज मीच बंद केला होता." माझा आवाज तिथेही चिरला. माजघरातल्या बायका बोलायच्या थांबल्या.

पोरीने विचारलं, "का?"

"भ्याले गं," मी म्हणाले. "लोक आपल्याला हसतील म्हणून."