फोनवर खाली गेलेलं दुकान

गॅसवर चहा उकळत होता आणि बडनेऱ्याच्या बेबीताई होले शेवंती ओवत बसल्या होत्या, तेवढ्यात दाराची कडी वाजली.

संक्रांत झाली आणि त्यांच्या दुकानाचा फोन वाजायचाच थांबला होता. लग्नातल्या हळदीसाठी फुलांचे दागिने कुणी फोनवर शोधले, की आधी त्यांचंच नाव सगळ्यांत वर यायचं. आता बोट दुखेस्तोवर सरकवलं तरी सापडेना. लग्नसराई अशीच गेली, तर दुकानाला कुलूप लावावं लागणार होतं.

दारात कुंदन होता. दुकानांची नावं फोनवर वर आणून देण्याचं काम करायचा.

"काकू, महिनाभरात पयल्या नंबरवर आनतो."

"पन खाली काहून गेलं, बाप्पा? हळदीकुंकवाच्या दिवशी वाण घेऊन सगळ्या बायांनी माह्याच घरी बसून, एका दुपारी, फोनवर दुकानाबद्दल चांगलं चांगलं लिवलं होतं. त्यानं तं नाई ना?"

"असू शकते. एकाच घरून, एकाच दुपारी एवढं लिवलं, तं खोटं वाटते. पन फोनवर नावं दाखवनारी कंपनी कारन कोनालेच सांगत नाई."

"मंग तुलेबी मालूम नाई. वर कसं आनशीन?"

चहा उतू जायला लागला. बेबीताईंनी गॅस बंद केला.

"वर आनू नको. माहं दुकान खाली काहून गेलं, तेवढं त्या कंपनीले इचारून मले सांग."