कियांती आणि पापलेट

कियांती नावाची इटालियन लाल वाइन आमच्या घरात आली ती माझ्या आईची अब्रू काढायला, असं मी आजही म्हणते.

नवऱ्याच्या तारापूरच्या कारखान्यात मशीन बसवायला एक इटालियन आला होता. मॅनेजरसाहेबांनी त्याला परस्पर आमच्या बोईसरच्या घरी जेवायला बोलावलं, वर हुकूम सोडला, "मासेच करा." माझी आई मुरब्याची, मच्छीमारांच्या गावची, या वयातही बाजारात मासे विकायला बसणारी. तिनं पहाटे बंदरावर जाऊन, कल्ले उघडून, हुंगून बघत पापलेटं निवडली आणि स्वतः घेऊन आली.

पाहुण्यानं बाटली आणली, बुडाला गवताची वीण असलेली. साहेबांनी पेले भरले. तळलेला तुकडा तोंडात, त्यावर वाइनचा घोट, आणि साहेबांचं तोंड वाकडं! "वहिनी, मासा शिळा आहे हो!" सगळ्यांच्या देखत. आई आत ओट्यापाशीच होती.

माझं डोकंच फिरलं. मुरब्याच्या बाईच्या माशाला शिळा म्हणायचं? जीभ म्हणावी की काय! नवरा ताटातले काटे निवडत बसला. मी एक तुकडा उचलून खाल्ला. गोड, ताजा. मग वाइन मागून घेतली. लोक काय म्हणतील ते म्हणोत. आधी नुसती प्यायले. आंबट, तुरट, जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढते तशी. वाईट नव्हती. मग मासा खाऊन प्यायले. शी! तोंडात लोखंडी खिळा धरल्यासारखी चव. पाहुणा तर गुपचूप मासा बाजूला सारून भाकरी आणि टोमॅटोच्या चटणीबरोबर पीत होता. मीही तसंच केलं. काय सांगू, छान लागली मेली!

"साहेब, मासा ताजाच आहे. या वाइनचं माशाशी जमत नाही. चटणीबरोबर पिऊन बघा."

बघितली. मान डोलावली. "खरंच की! आज वाइनमधलं काहीतरी कळलं," म्हणून हसले आणि पेला पुन्हा भरून घेतला. एवढंच! मी म्हटलं, "माझी आई आत आहे. तिला तेवढं सांगा."

"सांगू, सांगू. आधी जेवू तर द्या."

सांगतायत कसले! मीच आत गेले. मसाला लावून तळायला ठेवलेल्या तुकड्यांची परात रिकामी होती. मागच्या दारी आई नारळाच्या आळ्यात माती लोटत होती. उरलेलं सगळं पापलेट तिनं पुरलं होतं.

"अगं, ताजं होतं ते! साहेबांनी आत्ता कबूल केलं!"

तिनं वर बघितलंच नाही. "माजी समजूत नको काढू, बाय. माज्या नाकाला आता कळत नाय. उद्यापासून मी बाजारात बसायची नाय."