बिरादार सरांचं ॲव्हरेज

चार मास्तर एका गाडीत आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन सहा-सहा तास बसले की काय होतं? सिलॅबसच्या गप्पा पहिल्या आठवड्यात संपतात. राजकारण दुसऱ्या आठवड्यात. मग उरतं एकमेकांची खेचणं. आमच्याकडं ते इतकं साचलंय की आता स्टाफरूममध्ये कुणी नुसतं "ॲव्हरेज" म्हटलं तरी आम्ही हातातला चहा आधी टेबलावर ठेवतो. न्हाईतर तो नाकात जातो.

आमचे क्लासेस मूळचे लातूरचे. नांदेडला शाखा निघाली आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्हा चौघांची तिकडं ड्यूटी लागली. फिजिक्सचे बिरादार सर, केमिस्ट्रीच्या कांबळे मॅडम, मॅथ्सचे शेख सर आणि बायॉलॉजीचा मी. गाडी बिरादार सरांची. पांढरी, पेट्रोलवाली कॉम्पॅक्ट एसयूव्ही. पन्नाशीत घेतलेली आयुष्यातली पहिली चारचाकी, त्यामुळं सरांचा जीव तिच्यात अडकलेला.

ती घेताना शोरूमला मी सोबत होतो. कागदावर छापलेलं होतं की ही गाडी लिटरला वीसच्या वर देते. सेल्समन बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सर, हे आयडियल कंडिशनला बरं का. रोजच्या वापरात जरा कमी धरा."

सर हसले. "आयडियल कंडिशन? अहो, पंचवीस वर्षं झाली, मी दुसरं काय शिकवून राहिलो?"

* * *

आता या सगळ्यात वहिनी कुठून आल्या ते सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

बिरादार वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाडी आली त्याच वर्षी त्यांची बदली शिरूर अनंतपाळला झाली. रोज सकाळी काळी-पिवळी जीप, आत चौघांच्या जागेत सात बायका, आणि मांडीवर कुणाचं तरी लेकरू. वहिनींचं लायसन्स होतं. सरांच्या आधीपासून होतं. आणि आम्ही नांदेडला जात नसू त्या दिवशी गाडी दारात कव्हर घालून उभी असायची.

पेढे खायला आम्ही घरी गेलो तेव्हा वहिनींनी सगळ्यांसमोर विषय काढला. "मंगळवारी, गुरुवारी तरी गाडी मला द्या की."

सर म्हणाले, "इंजिन सेट होऊ दे गं. दुसऱ्याचा पाय लागला की ॲव्हरेज बसतं. एकदा वीस लागू दे, मग गाडी तुझी. दोन दिवस कशाला, सातही दिवस. मी यष्टीनं जाईन."

"ह्यांच्यासमोर बोलून राहिलात," वहिनींनी आमच्याकडं बोट केलं.

"बिल्कुल. शब्द दिला."

त्या दिवशीचं ॲव्हरेज होतं सोळा.

परत येताना शेख सर म्हणाले, "बघा, वीस लागलं तर वहिनींची जीप सुटते आणि आपली गाडी जाते." मग कांबळे मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या गाडी. ती बाई रोज लटकत जाते." आणि तिथंच आमचं ठरलं. आपण वहिनींच्या पार्टीत.

* * *

सर साठच्या वर जात नसत. मागून ट्रॅक्टरनं हॉर्न दिलेला मी स्वतः ऐकलाय.

* * *

एप्रिलमध्ये क्रॅश कोर्स चालू होते. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. सरांनी एसी बंद ठेवला, कारण एसी पेट्रोल खातो. ते आम्हाला कळत होतं. म्हणून मी काच खाली केली.

"काच लावा," सर म्हणाले. "काच उघडी राहिली की हवा आत भरते. गाडीला ओढ लागते. ड्रॅग म्हणतात त्याला."

म्हणजे एसी बंद आणि काचाही बंद. वहिनींसाठी म्हणून आम्ही अर्धा तास सोसलं. शेख सरांनी शर्टाची तीन बटणं काढली. माझा चष्मा घामानं नाकावरून घसरून घसरून शेवटी खिशात गेला. चाकूरच्या पुढं कांबळे मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, एक तर एसी लावा, न्हाईतर काच उघडा. दोन्ही जमत नसलं तर मला अहमदपूरला उतरवा. माझं वजन कमी झालं की तुमचं ॲव्हरेज आपोआप वाढंल."

सरांनी खरंच दोन मिनिटं विचार केला! मग काच उघडली. चार बोटं.

* * *

अर्धापूरच्या एका पालकांची मुलगी टेस्टमध्ये पहिली आली. माणूस खूश. नांदेडच्या शाखेत केळीचा अख्खा घड घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं डिकीत ठेवून गेला. नको म्हणायची सोय नव्हती.

सरांचा चेहरा उतरला. "वीस-बावीस किलो असंल हो. म्हणजे अर्धा माणूस फुकट चालला."

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, घड मागच्या सीटवर आणला आणि म्हणाले, "घ्या, खाऊन टाका. लोहा यायच्या आत जेवढी संपतील तेवढी संपवा. लोड कमी होईल."

केळी लई गोड होती. मी पाच खाल्ली, शेख सरांनी सहा. सर स्वतःही एका हातानं खात होते आणि स्पीडोमीटरच्या शेजारचा ॲव्हरेजचा आकडा बघत होते. आकडा काही हलेना. लोहा आलं तेव्हा मॅडमनी विचारलं, "सर, एक डाउट होता. केळी डिकीतून आपल्या पोटात आली. गाडीच्या बाहेर कधी गेली?"

पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलेला माणूस समोर बघत गाडी चालवत राहिला. एक किलोमीटरनंतर म्हणाले, "सालं तरी लोह्याला उतरवा. तेवढंच."

* * *

पडद्यावरच्या आकड्यावर सरांचा विश्वास नव्हता. त्यांची पद्धत अशी, की टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, परत काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. पद्धत बरोबर आहे. पण काठोकाठ म्हणजे सरांचं काठोकाठ. पंपाचा नळ आपोआप बंद झाला की गाडी मागून धरून गदागदा हलवायची, म्हणजे टाकीतली हवा निघते आणि अजून थोडं पेट्रोल बसतं.

एका रविवारी नायगावला त्यांच्या नातेवाइकांकडं साखरपुडा होता. मलाही आग्रहानं नेलं. सर, वहिनी, वहिनींचे वडील आणि मी. वडील औसा तालुक्यातले, भूकंपाच्या पट्ट्यातले. अख्खं गाव पडलेलं बघितलेला माणूस. वहिनी स्वतः त्यानंतर दोन वर्षं पत्र्याच्या शाळेत शिकल्या. आमच्या लातुरात अजूनही कुणाचं वय विचारलं की "भूकंपात चौथीला होतो" असंच उत्तर मिळतं, पण त्या पट्ट्यातली माणसं तेवढंही बोलत नाहीत.

पंपावर आजोबांचा मागच्या सीटवर डोळा लागला होता. वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या. नळ बंद झाला. सर म्हणाले, "या, धरा." आणि आम्ही दोघांनी मागून गाडी हलवायला सुरुवात केली.

तिसऱ्या हिसक्याला मागचं दार उघडलं. सत्तरीचा माणूस धोतर सावरत असा पळाला की थेट पंपाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा. तिथून त्यांनी आधी वर बघितलं, मग पंपाच्या छताकडं, मग आमच्याकडं. आमचे हात अजून गाडीवरच होते.

आजोबा हळूहळू परत आले. म्हणाले, "जावईबापू, हलवायचं असलं तर सांगून हलवा. आमच्याकडच्या माणसाला न सांगता हलवू न्हाई."

पंपावरचे सगळे हसले. आजोबाही हसले. मी हसलो नाही, कारण हसतानाही त्यांची नजर पंपाच्या छताकडंच जात होती आणि हलवणाऱ्यांत मी होतो. मला फार लाज वाटली. सरांचंही तोंड पडलं. त्यांनी सासऱ्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि नायगाव येईपर्यंत एसी लावला.

वहिनींनी वडिलांना पाणी दिलं, त्यांची टोपी सारखी केली आणि एवढंच विचारलं, "किती आलं?"

"अठरा पॉइंट सहा."

"अजून किती हलवायचं राहिलंय?"

* * *

यानंतर शेख सरांना राहवलं नाही. म्हणाले, "प्रामाणिकपणानं हे व्हायचं न्हाई. भागाकार आहे. खालचा आकडा कमी करा, उत्तर आपोआप वाढतं."

म्हणजे काय, तर सर पंपावर तोंड धुवायला गेले की टाकी थोडी आधीच थांबवायची. लातूर-नांदेड-लातूर दोनशे ऐंशी किलोमीटर. चौदा लिटर बसलं की बरोबर वीस. सर तोंड धुवायला गेले आणि शेख सरांनी हात वर करून पंपवाल्याला थांबवलं. सर परत येऊन मीटर बघतात तर बारा लिटर!

सरांनी भागाकार केला. परत केला. "तेवीस पॉइंट तीन? फिजिक्सला हे मान्य न्हाई." आणि पंपवाल्याला म्हणाले, "टाका परत." तीन लिटर अजून बसलं.

त्या दिवशी कांबळे मॅडम शेख सरांना म्हणाल्या, "एवढी वर्षं गणित शिकवता. जरा बेतानं थांबवता आलं न्हाई?"

"पहिलीच चोरी होती मॅडम," शेख सर म्हणाले. "अंदाज न्हाई आला."

* * *

शेवटी सरांनी डिकीतली स्टेपनी काढली. तेवढंच वजन कमी. काढली ती काढली, एकट्यानं उचलून पहिल्या मजल्यावर नेली. नवव्या पायरीला कंबर धरली. डॉक्टरांनी दोन आठवडे पाठीवर झोपायला सांगितलं.

गाडी टाकी फुल करून उभी होती. आमचे मेकॅनिक मुनीरभाई सरांना बघायला आले आणि म्हणाले, "सर, पंधरा दिन गाडी उभी ठेवली तर बॅटरी उतरती. वहिनीला चालवू द्या."

सरांनी पलंगावरून सूचना दिल्या. साठच्या वर नको, एसी नको, एकटीच जा. वहिनींनी "हाव" म्हटलं, स्टेपनी दोन माणसं लावून परत डिकीत बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या तीन मॅडमना घेऊन शिरूरला जायला लागल्या.

दोन आठवड्यांनी सर कमरेला पट्टा बांधून पंपावर आले. मुनीरभाई आणि आम्ही तिघं साक्षीदार. नळ बंद झाला. सरांनी सवयीनं गाडीकडं बघितलं, पण वाकता येईना.

"हलवा बिनधास्त," वहिनी म्हणाल्या. "आज बाबा घरी हायत."

आम्ही हलवली. पेट्रोल भरलं. शेख सरांनी मोबाइलवर तीनदा भागाकार केला, कारण त्यांच्यावर आता कुणाचा विश्वास नव्हता. मग फोनच सरांच्या हातात दिला. वीस पॉइंट नऊ.

"एसी लावला न्हाईस ना?" सरांनी विचारलं.

"रोज लावला."

"आणि चौघीजणी?"

"चौघी. डब्यांसकट."

सरांनी मुनीरभाईकडं बघितलं. मुनीरभाई म्हणाले, "तुम्ही उतार आला की न्यूट्रल करता सर. मग गाडी चालू ठेवायला इंजिन पेट्रोल पितंय. वहिनी गिअरमध्येच सोडती. नव्या गाडीला उतारावर गिअरमध्ये पेट्रोल लागतच न्हाई. आन् टायरात हवा तुम्ही फुगा केल्यासारखी भरली व्हती, ती मी काढली, तरीबी एवढं आलं."

"हे तुला कुणी शिकवलं?" सरांनी वहिनींना विचारलं.

"ड्रायव्हिंग स्कूलनं. तुम्ही गेला न्हाईत, तुम्हाला येतच होतं."

सरांनी पाकिटातून दुसरी चावी काढली आणि वहिनींच्या हातावर ठेवली. या माणसाला आम्ही कितीही हसलो तरी दिलेला शब्द त्यानं फिरवला नाही, हे मला तेव्हा फार आवडलं. वहिनींनी चावी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

* * *

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं लातूरच्या बसस्टँडवर उभे. पांढरी गाडी आली. काचा बंद, एसी चालू. डाव्या बाजूच्या दारातून सर डबा घेऊन उतरले. वहिनींनी हात केला आणि गाडी शिरूरकडं गेली. सर ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. आम्हाला वाटलं, आज काही बोलू नये.

नांदेडच्या यष्टीत सरांना ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. चाकूरपर्यंत ते ड्रायव्हरचा गिअर बघत होते. मग जाळीतून पुढं वाकले आणि ड्रायव्हरला विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, ही ॲव्हरेज किती देते?"

ड्रायव्हरनं आरशात त्यांच्याकडं बघितलं. "पाच असंल."

सर मागं टेकले. डोळे मिटले. मग एकदम उठून उभे राहिले आणि माणसं मोजायला लागले. पुढून मागं, मागून पुढं. आमच्याजवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "अहो, पन्नास माणसं हायत. पाच गुणिले पन्नास. माणशी अडीचशे पडून राहिलं!"

अहमदपूर आलं. स्टँडवर ही गर्दी. आत पाय ठेवायला जागा नव्हती, एका बाईची पिशवी माझ्या गळ्याशी आली होती. कंडक्टर दारातून ओरडला, "मागनं दुसरी गाडी हाय, हिच्यात जागा न्हाई," आणि बेलच्या दोरीला हात घातला.

सरांनी तो हात वरच्या वर धरला.

"थांबा की हो. अजून धाजण घ्या, तीनशे होतंय."