मेव्हण्याशिवाय बुडी

कोंडू काल्हेरच्या खाडीतला डुबीवाला. डुबीवाल्याचं काम म्हणजे होडीतून बादली घेऊन बुडी मारायची, तळाची रेती भरायची आणि वर यायचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून कोंडूनं दुसरं काही केलं नाही. त्याचा दम असा, की होडीतल्या नवख्या माणसाला वाटावं, आता ह्याच्या घरी निरोपच धाडावा. तेवढ्यात हा पठ्ठ्या डोकं वर काढून विचारायचा, "चाय आली का?"

त्यांच्या होड्यांवर एक रीत होती, आणि ती ज्यानं घातली त्याच्या डोक्याला सलाम! बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधायची आणि वरचं टोक द्यायचं मेव्हण्याच्या हातात. बायकोच्या भावाच्याच. सख्खा भाऊसुद्धा चालायचा नाही, कारण भावाभावांत बांधावरून वाद असतात, काय सांगावं? पण आपल्या बहिणीचं कुंकू पुसलं जावं असं कुठल्या भावाला वाटेल? वरून एक हिसका आला की 'बरा आहेस ना?', खालून एक हिसका म्हणजे 'बरा हाय', आणि दोन म्हणजे 'ओढ'.

कोंडूची दोरी त्याच्या मेव्हण्याकडे, वाल्मीककडे होती. वाल्मीक म्हणजे काळजीचं गाठोडं. कोंडू तळाला टेकतो न टेकतो तोच हिसका. बादली तिरकी केली की हिसका. एकदा तर भरत आलेली बादली सोडून कोंडूला वर ओढला, का तर होडीवर कावळा बसला म्हणून! कोंडू करवादायचा, "अरे, मी रेती भरू का तुझ्या हिसक्यांना जबाब देऊ?"

"आक्कानं विचारलं तर मी काय सांगू, दाजी?" वाल्मीकचं ठरलेलं उत्तर.

अठ्ठ्याऐंशी साली कोंडूच्या मुलीचं, मैनाचं लग्न निघालं. हळदीच्या रात्री सगळा गोतावळा जमलेला, कोंडू जरा रंगात आलेला. कुणीतरी वाल्मीकच्या दोरीचं कौतुक केलं आणि कोंडूची जीभ सुटली. "त्याचं काय एवढं? पाण्यात मी जातो, हा वर बसून बिड्या फुकतो. दोरी झाडाला बांधली तरी चालंल, झाड निदान बडबडत न्हाय."

सगळे हसले. वाल्मीक ताटावरून उठला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं काल्हेरच्या एका गोडाऊनवर वॉचमनची ड्युटी धरली आणि दाजींशी बोलणं बंद. कोंडूची बायको कौसल्या दोघांच्या मधे रडून रडून थकली. दोघांचं एकच, "आधी त्याला बोलू दे."

मेव्हण्याशिवाय कोंडूला होडीवर कुणी घेईना. चार महिने घरी बसल्यावर तो भिवंडीच्या भंगार बाजारात हिंडला आणि एके दिवशी पाणबुड्याची टाकी घेऊन आला! पाठीवर बांधायचं हवेचं नळकांडं, तोंडात धरायची नळी, सगळं सामान. घेताना कोंडू भंगारवाल्याला म्हणाला, "चलती है ना?" तो म्हणाला, "आप चलाओगे तो चलेगी." एवढीच काय ती चौकशी.

अंजूरच्या चिंतामणी मास्तरांच्या विहिरीत पाण्याची मोटर पडली होती. ती काढायचं काम कोंडूनं अंगावर घेतलं. मास्तर वाचणारे गृहस्थ. टाकी बघून ते दचकले. "कोंडू, हे रीतसर शिकावं लागतं. शिकलेले लोकसुद्धा जोडीनं उतरतात. आणि ह्यात दम कधी कोंडायचा नसतो, वर येताना तर मुळीच नाही."

"मास्तर, दम कोंडून तर माझा जन्म गेला! उद्या आंघोळीलाबी सर्टिफिकेट मागाल."

मास्तरांनी दिवस ठरवून दिला. मोटर त्यांनाही हवीच होती.

टाकीत हवा भरून आणली ती पडघ्याला, हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून. त्यानं नळीला चिंध्या गुंडाळून, ट्रकच्या टायरला भरतात तेवढी भरून दिली आणि वर हातानं ठोकून म्हणाला, "एकदम टाइट!" शरीर तरंगू नये म्हणून कोंडूनं कमरेला वजनं बांधली. कापड विणायच्या लूमवर ताणासाठी टांगतात ती, लोखंडी. बांधली सुतळीनं, नेहमीच्या आवळगाठीनं.

कौसल्या विहिरीवर येऊन उभी राहिली. "दोरीशिवाय उतरलात तर मी हितंच उडी टाकीन." काय करता? कोंडूनं दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक काठावरच्या जांभळाला बांधलं आणि जमलेल्या गर्दीकडे बघून झाडाला नमस्कार केला. "काय मेव्हणं, बरं हाय ना?" गर्दी खिदळली.

खाली पहिल्यांदा मजा आली. तोंडात हवा येतेय, वरून कुणी सतावत नाही, मोटर चाचपडून सापडलीसुद्धा. सोबत नेलेल्या दाव्यानं ती बांधायला वाकला आणि हवा जड झाली. पुढचा श्वास अर्धाच आला. त्याच्या पुढचा आलाच नाही. ट्रकच्या टायरला पुरते ती हवा माणसाला किती पुरणार! वर जायला पाय मारले, तर वजनं हलू देईनात. सुतळी भिजून फुगलेली, गाठ सुटेना. कोंडूनं दोरीला दोन हिसके दिले.

जांभळाला काय कळणार त्यातलं?

पुन्हा दोन. पुन्हा दोन. झाड एकदम शांत, अजिबात बडबडत नव्हतं. कोंडू आयुष्यात पहिल्यांदा पाण्याला घाबरला. मैना आठवली, कौसल्या आठवली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त ते काळजीचं गाठोडं आठवलं.

आणि दोरी ताठली! बरगड्या मोडतील असा हिसडा बसला. ही ओढ कोंडूच्या ओळखीची होती. जगात एकच माणूस इतक्या घाईनं, इतक्या वाईट पद्धतीनं ओढायचा. कोंडूच्या तोंडातली नळी निसटली आणि तो वाल्मीकला पाण्यातच शिव्या घालत, बुडबुडे सोडत वर आला.

काठावर आडवा पडून खोकत होता तेव्हा मास्तर म्हणाले, "शिव्या दिल्यास म्हणून वाचलास बाबा! दम कोंडून आला असतास तर आतली हवा फुगून छाती फाटली असती."

वाल्मीक पाठमोरा उभा होता. आदल्या संध्याकाळी कौसल्या गोडाऊनवर जाऊन त्याला म्हणाली होती, "बोलू नको त्यांच्याशी. नुसता ये." तो आला होता आणि जांभळाच्या मागं, दोरीला हात लावून बसला होता.

"मी ह्यांच्याशी बोलत न्हाय," तो कौसल्येला म्हणाला. "सांग त्यांना."

मास्तरांनी विचारलं, "मग कोंडू, शिक्षण लागतं की नाही?"

"लागतं, मास्तर. शिकलो असतो तर वजनं अशी बांधली नसती."

"आणि एकट्यानं उतरायचं?"

कोंडूनं विहिरीकडे बघितलं. मोटर अजून खालीच होती. दम बसल्यावर त्यानं टाकी काढली, वजनांची सुतळी कोयत्यानं कापली आणि विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला. उतरेना. कुणाकडे बघेना. वाल्मीकनं जांभळाची गाठ सोडली आणि दोरी मनगटाला दोन वेढे देऊन घेतली.

कोंडू नेहमीसारखा, नुसत्या दमावर खाली गेला. तळाला टेकतो न टेकतो तोच वरून हिसका आला. ह्याच हिसक्यासाठी त्यानं आयुष्यभर वाल्मीकला शिव्या दिल्या होत्या.

मोटर तशीच सोडून कोंडूनं आधी उलटा हिसका दिला.