चेतनाला जमलंय

“श्वास धरू नका, ताई. सोडा. धरलात की जास्त दुखतं.”

घाटकोपरच्या आपल्या दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये, वरच्या ओठावर दोरा चालवताना चेतना प्रत्येक बाईला हे सांगायची. तुरुंगातही तिने तेच सांगायला सुरुवात केली, कारण शेजारच्या अंथरुणावरच्या शेवंतीला सारखी धडधड व्हायची. शेवंती मूळची कुडाळकडची, लग्नानंतर भांडुपची, आणि आता याच बराकीतली.

“माका वाटता, आता जीव जातलो,” ती छाती दाबून म्हणायची.

“नाही जात. आधी जबडा सोड. दात आवळलेयस बघ किती! आता खांदे कानापर्यंत ने... अजून वर... आणि टाक खाली.”

“पोत्यासारखे?”

“पोत्यासारखे. आता नाकाच्या टोकाशी वारा लागतोय का बघ. आत गेला, बाहेर आला. बास, त्याच्याकडेच बघत राहायचं.”

“माझ्या नाकाक राखण बसवलंस गो!” शेवंती हसली. हसण्यानेच निम्मी धडधड गेली.

नाकाकडे लक्ष देण्याचं हे आनापान चेतना विहारातल्या शिबिरात शिकली होती. जबडा आणि खांदे पार्लरमधले. कोर्टाची तारीख जवळ आली, घरी फोन लागला नाही, की बराकीतल्या बाया आपोआप तिच्याभोवती येऊन बसायला लागल्या. ड्युटीवरची शिपाईसुद्धा टोमणा मारायची, “काय गं, क्लास काढलास का? फी किती?” आणि जाता जाता स्वतःचे खांदे वर-खाली करून बघायची.

चेतनाला स्वतःला मात्र एकाच गोष्टीचा आधार होता. सुशांत तिला सोडवणार होता.

पार्लरच्या कपाटात पोलिसांना सापडलेली एमडीची, नशेच्या पावडरीची, बॅग त्याची होती, तिच्या धाकट्या भावाची. पोलीस दार वाजवत असताना तो तिच्या पायाशी बसला होता. “ताई, तू हो म्हण ना. बाईमाणसाला जामीन लगेच मिळतो, सगळे सांगतात. मला नोकरी लागतेय, माझी पुरती वाट लागेल गं!” तिने हो म्हटलं. एवढा माल सापडल्यावर कोणी बाई म्हणून सोडत नाही, हे तिला आत आल्यावर कळलं.

“सकाळी तू पाच शीलां म्हणतंस ना गो? मग चौथा खंय गेला?” शेवंतीने एकदा विचारलं होतं.

खोटं न बोलण्याचं ते चौथं. “घशात अडकतं,” चेतना म्हणाली.

बऱ्याच महिन्यांनी सुशांत मुलाखतीला आला. काचेपलीकडे फोन कानाला लावला तेव्हा त्याचा आवाज कापत होता, कपाळावर घाम.

“ताई, मला ना... श्वासच...”

“ए, माझ्याकडे बघ. जबडा सोड. खांदे वर घे, टाक. हां. आता नाकाकडे लक्ष दे. घाई नको करूस.”

तो हळूहळू सावरला. तिलाही बरं वाटलं. “आता बोल. जामिनाचं काय झालं?”

“जामिनाचा अर्ज नको करूया, ताई.”

“म्हणजे?”

“सगळं परत उकरलं जाईल. मला बोलावतील. तू कोर्टात गुन्हा कबूल करून टाक ना. आहेस तशी राहा थोडे दिवस.”

“थोडे दिवस? दहा वर्षं आहेत रे ती!”

“आईपण तेच म्हणाली.”

“आईला माहितीय?”

“पहिल्यापासून.” त्याने मान खाली घातली. “ती म्हणते, चेतनाला जमलंय तिथे. बाया शिकतात तिच्याकडे. सुशांतला नाही जमणार.”

आईने रडू नये म्हणून चेतनाच तिला हे सगळं फोनवर रंगवून सांगायची.

“बघ ना, आत्ताही तू किती शांत आहेस,” सुशांत म्हणाला. त्याचा आवाज आता अजिबात कापत नव्हता.

चेतनाने फोन ठेवला. मुलाखतीची वेळ अजून उरली होती.

बराकीत तिला बघताच शेवंती उठून बसली. “काय झाला गो? जबडो सोड आधी.”

“नाही सोडत.”

मोफत कायदेशीर मदतीच्या वकील वसुधा मॅडम त्याच दुपारी तुरुंगात आल्या होत्या. चेतना त्यांच्यासमोर जाऊन बसली.

“बॅग माझी नव्हती. माझ्या भावाची, सुशांतची. आईलाही माहीत होतं. लिहा.”

मॅडमनी पेन उचललं नाही. “आता सांगतेस? कोर्ट लगेच विश्वास ठेवणार नाही. आणि ठेवलाच, तर तो आत येईल. आई तुझं तोंड बघणार नाही. मी पुढच्या आठवड्यात येते. तोवर शांत डोक्याने विचार कर.”

“नको मॅडम, आत्ताच लिहा,” चेतना म्हणाली. “शांत झाले, तर मी त्याला परत माफ करेन.”